परक्याची मुद्रा

आपल्या मुलाचे, बहिणीचे अथवा स्नेह्याचे छायाचित्र काढताना नीतीचा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. छायाचित्र बिघडले तर घरात चेष्टा होते, चांगले उतरले तर ते चौकटीत जाते, आणि नको असेल तर ज्याचे आहे तो ते हक्काने मागून घेतो. प्रश्न उभा राहतो तो परक्या माणसाच्या बाबतीत. रस्त्याने जाणारा हमाल, घाटावर बसलेली म्हातारी, ट्रामच्या खिडकीशी डोळा लागलेला कारकून, ह्यांचा आणि आपला संबंध एका निमिषाचा. त्या निमिषात आपण त्यांची मुद्रा घेऊन जातो आणि ते आपल्या वाटेने निघून जातात. त्यांनी आपल्याला काही दिले काय, की आपणच काही घेतले? आणि घेतले असल्यास त्याचे काही देणे लागते काय? एके काळी हा प्रश्न मूठभर हौशी लोकांपुरता होता. आता ज्याच्या खिशात मोबाइल तो छायाचित्रकार, अशी स्थिती आल्यामुळे तो सर्वांचाच झाला आहे. आणि परमुलखात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांचा तर तो, आमच्या मते, अधिकच आहे.

अधिक असे म्हणण्याचे कारण सांगतो. साताऱ्याच्या अथवा अमरावतीच्या मंडईत आपल्या नेहमीच्या भाजीवालीच्या तोंडासमोर आपण कधी कॅमेरा धरला आहे काय? बहुधा नाही. कारण ती आपल्याला ओळखते. “काय रे मेल्या, माझं थोबाड कशाला काढतोस?” असे ती भर बाजारात विचारील आणि संध्याकाळच्या आत ती हकीकत आपल्या मातुःश्रींच्या कानी जाईल. तिथे आपण कुणाचे तरी मुलगे असतो, कुणाचे तरी शेजारी असतो. हावड्याच्या पुलाखालील मल्लिक घाटावर, झेंडूच्या माळांचे ओझे खांद्यावर घेऊन चाललेल्या माणसाला मात्र आपण कुणाचेच कोणी नसतो. त्याची भाषा आपल्याला नीट येत नाही, त्याचे गाव आपण पाहिलेले नाही, त्याचा मुलगा आपल्या मुलाच्या वर्गात नाही. मग तो एकाएकी ‘चित्रासारखा’ दिसू लागतो. हा गुण बहुधा त्याच्यात नसतो. आपले त्याच्याशी नाते नाही, ह्या गोष्टीत तो असतो. आम्ही गेली सहा वर्षे कलकत्त्यास आहोत. रविवारी कॅमेरा घेऊन हिंडण्याचा आम्हांला नाद आहे. सुटीत घरी गेल्यावर तोच कॅमेरा पेटीतून बाहेरच निघत नाही, ही गोष्ट ध्यानात आली तेव्हापासून हा विचार आमच्या मागे लागला आहे.

मराठीत चेहऱ्याला ‘मुद्रा’ म्हणतात आणि शिक्क्यालाही मुद्राच म्हणतात. दिवसभर कागदांवर शिक्के पाहणाऱ्या आमच्यासारख्याला ह्या शब्दाचे नवल वाटते. शिक्का ज्याच्या हाती, अधिकार त्याचा. म्हणून तो कुलपात ठेवतात. चेहऱ्याला कुलूप नसते. तो उघड्यावर घेऊनच माणसाला बाजारात, कचेरीत, स्मशानात जावे लागते. रस्त्यावर आला म्हणजे त्याने पाहू दिलेच, असा युक्तिवाद ह्यावरूनच निघतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. परंतु पाहणे आणि घेऊन जाणे ह्यांत अंतर आहे. पाहणारा स्वतःही पाहिला जातो. नजरेला नजर भिडली तर त्याला ती खाली करावी लागते, नाही तर हसावे लागते. देवळात दर्शनाला गेले तरी मूर्तीला डोळे असतात, ते उगीच नव्हे. छायाचित्रातील माणूस आपल्याकडे पाहतो, पण त्याला आपण दिसत नाही. त्याच्याकडे आपण तासभर टक लावून बसू शकतो. जिवंत माणसाकडे असे पाहिले असते तर त्याने आपल्याला चांगलेच सुनावले असते. फोटो काढला की आयुष्य कमी होते, असे आमच्या पणजीच्या पिढीतील अनेकांना वाटे. त्या समजुतीला आपण हसतो. आयुष्य कमी होत नाही हे खरे; पण आपले काहीतरी आपल्या हाताबाहेर गेले, ही त्यामागील जाणीव खुळचट नव्हती.

सरकारी माणसाला तर ती असावयासच हवी. आपल्या देशात परक्यांची छायाचित्रे गोळा करण्याचा आरंभीचा एक प्रचंड उद्योग सरकारनेच केला. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १८६८ ते १८७५ ह्या काळात आठ खंडांत लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. जॉन फॉर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे त्याचे संपादक. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. त्याचे मूळ मोठे मासलेवाईक आहे. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग ह्यांनी मायदेशी परतताना आठवण म्हणून न्यावयास असा संग्रह जमवावयास घेतला, आणि १८५७ च्या उठावानंतर ह्या हौसेला सरकारी रूप आले. म्हणजे परमुलखात नेमणुकीवर आलेल्या एका अधिकाऱ्याची ती हौस! त्यातील बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही; त्याच्या जातीचे अथवा जमातीचे नाव आहे, आणि सोबत त्या जातीच्या स्वभावाविषयी दोन शब्द. ही जात राजनिष्ठ, ती लबाड, तिसरी लढाऊ. कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस स्वतः राजनिष्ठ होता की लबाड, हे कोणी विचारले नाही. पुढे माणसाला नाव आले, क्रमांक आला. मतदार ओळखपत्रे १९९३ पासून, आधार क्रमांक २०१० पासून. त्यातील पहिला क्रमांक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला. आज छायाचित्रावाचून कोणतेही सरकारी कागद पुरे होत नाहीत. ह्या गोष्टीचा आपल्या प्रश्नाशी किती निकटचा संबंध आहे, ते पुढे येईलच.

ह्या विषयावरील चर्चेत एका छायाचित्राचा उल्लेख हटकून होतो, आणि तेही एका सरकारी नोकरीतील व्यक्तीनेच काढलेले आहे. अमेरिकेतील मंदीच्या दिवसांत, १९३६ साली, डोरोथिया लँग ही बाई कॅलिफोर्नियातील निपोमो गावाजवळ वाटाण्याच्या मजुरांच्या तळावर थांबली. तिथे तंबूत मुलांना घेऊन बसलेल्या एका ३२ वर्षांच्या स्त्रीची काही छायाचित्रे तिने घेतली. त्यातले एक ‘मायग्रंट मदर’ म्हणून जगाला ठाऊक आहे. वृत्तपत्रांतून ती चित्रे आल्याबरोबर सरकारने तळावर धान्य पाठविले, पण तोवर ते कुटुंब पुढच्या गावी निघून गेले होते. लँगने त्या स्त्रीचे नाव विचारले नव्हते. चाळीसहून अधिक वर्षांनी, १९७८ मध्ये, ती स्त्री कोण ते उघड झाले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन तिचे नाव. ती म्हणाली की हे चित्र काढले नसते तर बरे झाले असते. त्यातून आपल्याला एक छदामही मिळाला नाही, आपले नावसुद्धा कोणी विचारले नाही. लँगलाही त्याचे मानधन मिळाले नव्हते, कारण ते चित्र सरकारचे होते, ते कोणीही छापावे. इथवर हिशेब सरळ दिसतो. पण १९८३ साली थॉम्पसनबाई मरणपंथाला लागल्या, तेव्हा मुलांनी मदतीचे आवाहन केले आणि देशभरातून पत्रे व पैसे आले. त्या पत्रांमुळे आपल्या आईच्या चित्राकडे आम्ही वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो, असे त्या मुलांचे म्हणणे पडले. ह्या कथेतून कोणालाही आपल्याला हवे ते तात्पर्य काढता येईल. आम्हांला त्यातील एकच गोष्ट खुपते. नाव विचारण्यास किती वेळ लागतो?

लँग घाईत असेल. परंतु नाव विचारले नाही म्हणजे माणूस ‘माता’ झाला, ‘दारिद्र्य’ झाला, ‘भारत’ झाला. पेशावरजवळच्या निर्वासितांच्या तळावर १९८४ साली स्टीव्ह मॅकरी ह्यांनी जिचे छायाचित्र काढले आणि जी १९८५ च्या जूनमध्ये ‘नॅशनल जिऑग्रफिक’च्या मुखपृष्ठावर झळकली, ती मुलगीही २००२ पर्यंत जगाला केवळ ‘अफगाण मुलगी’ होती. तोपर्यंत शरबत गुला ह्या स्त्रीने स्वतःचे ते चित्र पाहिलेलेही नव्हते. ज्या चेहऱ्याची पारायणे साऱ्या जगाने केली, तो चेहरा सतरा वर्षे फक्त तिलाच दाखवावयाचे राहून गेले.

तर मग विचारूनच काढावे, हे उत्तर सरळ आहे आणि बव्हंशी बरोबर आहे. पण ते पुरते नाही, असे आमचे मत आहे. विचारणारा कोण, ह्यावर होकाराची किंमत ठरते. आमच्या कार्यालयातील एका स्नेह्याची गोष्ट घ्या. कॉलेज स्ट्रीटच्या बाजूला एक हातरिक्षावाला सावलीत बसला होता. ह्या धंद्यातील बहुतेक माणसे बिहारकडची. म्हणजे तोही आमच्यासारखाच परमुलखातला. स्नेह्याने रीतसर विचारले, तो रीतसर हो म्हणाला, उठून उभा राहिला, गमछा नीट केला. चित्र झाल्यावर त्याने हळूच विचारले, “बाबूजी, नाम-पता नहीं लिखिएगा?” त्याला वाटले होते की घरकुलाची अथवा रेशनची काही यादी होत आहे. आणि का वाटू नये? पांढरा सदरा, चष्मा, खिशाला पेन, आणि साहेबी हिंदी. अशा माणसाने आजवर त्याचे छायाचित्र काढले ते कुठल्या तरी कागदावर चिकटविण्यासाठीच. गरीब माणसाच्या आयुष्यात कॅमेरा बहुधा सरकारच्या हातात असतो. त्याचा होकार आपल्या कलेला नव्हता, आपल्या खुर्चीला होता. खुर्ची कचेरीत ठेवून आलो असे आपण समजतो, पण ती आपल्या चालण्याबोलण्यात असते, आणि ती त्याला आपल्याआधी दिसते. तेव्हा आपल्यासारख्याने नुसते “फोटो काढू का?” असे विचारून भागत नाही. हा कशासाठी नाही, ते आधी सांगावयास हवे. ह्यातून काही मिळणार नाही, यादी नाही, योजना नाही, मी माझ्या हौसेसाठी काढतो आहे. असे सांगितल्यावर निम्मे लोक हात हलवून नको म्हणतात, असा आमचा अनुभव आहे. उरलेल्या निम्म्यांचा होकार तो खरा होकार.

ह्यावर कलावंत मंडळी नाक मुरडतात. त्यांचे म्हणणे असे की विचारले की चेहरा मेला. माणूस ताठ उभा राहतो, गुंड्या लावतो, हसू पुसून टाकतो. जी सहज मुद्रा टिपावयाची होती ती नाहीशी होते. वॉकर इव्हान्स ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने ह्यासाठीच १९३८ ते १९४१ ह्या काळात कोटाच्या आत कॅमेरा लपवून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतील प्रवाशांची छायाचित्रे घेतली. आपल्याला कोणी पाहत नाही अशा समजुतीत बसलेली ती माणसे विलक्षण आहेत, हे कबूल केलेच पाहिजे. थकलेली, हरवलेली, घर आणि कचेरी ह्यांच्या मधली. इव्हान्सच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की ती चित्रे त्याने पुस्तकरूपाने छापली ती १९६६ मध्ये. पाव शतक तो थांबला. आज दुपारी काढून संध्याकाळी हजारो लोकांना दाखविणारे जेव्हा त्याचा दाखला देतात, तेव्हा ते थांबणे मात्र विसरतात.

पण न विचारता टिपलेली मुद्रा खरी आणि ताठ उभी राहिलेली खोटी, हे मुळात कोणी ठरविले? आम्हांला हे पटत नाही. आमच्या कार्यालयात निवृत्तिवेतनाच्या कागदांबरोबर पती-पत्नीचे एकत्र काढलेले छायाचित्र लागते. ते साक्षांकित होऊन धारिकेत जाते. अशी शेकडो छायाचित्रे आमच्या हाताखालून गेली आहेत. तीस-पस्तीस वर्षे शिपाई, फरास, जमादार म्हणून राबलेला मनुष्य, शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली बायको, दोघांमध्ये वीतभर अंतर, दोघांच्याही नजरा समोरच्या भिंतीवर. कलेच्या दृष्टीने त्यांत काही नाही. तथापि ह्या जोडप्यांपैकी कित्येकांचे एकत्र असे बहुधा हे एवढेच चित्र असेल, असे मनात येऊन आम्ही कधीकधी धारिका लवकर मिटत नाही. त्या ताठपणात लपवाछपवी नाही. मला लोकांनी असे आठवावे, अशी ती मागणी आहे. आपल्या घरांतून छायाचित्र भिंतीवर जाते ते पुष्कळदा माणूस गेल्यावर, हार घालण्यासाठी. आणि ज्याचे एकही चित्र घरात नसते त्याचे मतदार ओळखपत्रावरील चित्र मोठे करून आणतात. हे ज्याला ठाऊक आहे तो गुंड्या लावील, नाही तर काय करील? झोपेत तोंड उघडे पडलेले आपले चित्र ‘खरे’ म्हणून कोणी टांगले तर आपल्याला चालेल काय? सहजता हवी ती आपल्याला; त्याला प्रतिष्ठा हवी असते. दोन्ही हव्यांत त्याच्या चेहऱ्यापुरते तरी त्याचे हवे वरचढ मानावे.

ह्या नियमाला अपवाद नाही काय? आहे, आणि तो मोठा आहे. सुनील जाना ह्यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात काढलेली चित्रे घ्या. ज्या रस्त्यांवरून आम्ही रोज कचेरीत जातो, त्याच कलकत्त्याच्या रस्त्यांवर तेव्हा माणसे अन्नावाचून पडत होती. त्यांना संमतिपत्र कोण विचारणार? १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला पुरल्या जाणाऱ्या त्या बालकाचा चेहरा रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू ह्या दोघांनीही टिपला. जग त्याला अनोळखी बालक म्हणूनच ओळखते. ती चित्रे नसती तर वायुगळतीने काय केले ते पुष्कळांना आकड्यांतच वाचावे लागले असते, आणि आकड्यांचे काय होते ते आपण कारकून मंडळी जाणतोच. अन्यायाची साक्ष ठेवण्यासाठी न विचारता कॅमेरा धरणे हे कर्तव्य होऊ शकते. पण साक्षीचेही देणे असते. २००२ मध्ये अहमदाबादच्या दंगलीत हात जोडून जीव वाचविण्याची याचना करणाऱ्या एका शिंप्याचे छायाचित्र जगभर गेले. ते खरे होते, आवश्यक होते. आणि त्यामुळे त्या माणसाला आपल्याच शहरात वावरणे कठीण झाले. माझे चित्र आता वापरू नका, असे त्याने विनविले, आणि काही काळ तो इथे कलकत्त्यास येऊन राहिला. साक्ष दिली छायाचित्रकाराने, आणि तिचा भार वाहिला त्याने. शिवाय साक्षीचा आधार घेऊन, जिथे कसलीच साक्ष नाही अशी चित्रे काढणारेच फार. पावसात भिजत रिक्षा ओढणाऱ्याचे चित्र काढून आपण कोणत्या न्यायालयात हजर करणार आहोत?

न्यायालयावरून आठवले, कायद्याचे म्हणणेही थोडक्यात सांगतो. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता तो काढणारा. मोबदला देऊन आपले चित्र कोणाकडून काढवून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्यावरील पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा. म्हणजे ज्याच्यापाशी छायाचित्रकाराला द्यावयास पैसे आहेत त्याचा चेहरा त्याच्या मालकीचा, आणि ज्याने फुकट उभे राहण्याची मेहरबानी केली त्याच्या चित्रावर त्याचा ह्या कायद्याने काही हक्क नाही! सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि केवळ सार्वजनिक ठिकाणी आल्याने माणूस तो हक्क गमावीत नाही असाही विचार त्या निकालपत्रात मांडला आहे. रविवारच्या छायाचित्रकाराने कुठे थांबावे ते मात्र त्यात लिहिलेले नाही, आणि ते तिथे शोधूही नये. न्यूयॉर्कमध्ये एका धर्मनिष्ठ ज्यू वृद्धाने, टाइम्स स्क्वेअरमध्ये नकळत काढलेले आपले चित्र प्रदर्शनात मांडले म्हणून फिर्याद केली होती. आपल्या धर्मात असे चित्र निषिद्ध आहे, हे त्याचे गाऱ्हाणे. २००६ साली तिथल्या न्यायालयाने कलेच्या बाजूने कौल दिला. कायद्याने तो बरोबर असेल. त्या वृद्धाला जे वाटले ते निकालाने पुसले गेले नसणार.

पैसे द्यावेत का, हा प्रश्न बरेच जण विचारतात. कुमारटुलीत दुर्गापूजेच्या आधी कॅमेरेवाल्यांची एवढी झुंबड उडते की मूर्तिकारांना चिखलात हात घालावयास जागा उरत नाही. तिथे छायाचित्रांसाठी शुल्क घेतात, आणि ते योग्यच आहे, कारण तो त्यांच्या कामाचा वेळ आहे. एकट्या माणसाच्या हातावर नोट ठेवणे मात्र आम्हांला अवघड वाटते. त्याने आपल्याला विकले नव्हते, दिले होते. नोट ठेवली की ती विक्री होते आणि आपण मोकळे होतो. मोकळे होण्याची ही घाईच आम्हांला संशयास्पद वाटते. त्यापेक्षा छापील प्रत नेऊन द्यावी. मोबाइलच्या पडद्यावर दाखविणे म्हणजे देणे नव्हे. प्रत द्यावयाची म्हटली की त्याचे नाव विचारावे लागते, तो कुठे आणि कधी भेटतो ते विचारावे लागते, आणि त्याच गल्लीत पुन्हा जावे लागते. पुन्हा गेलो की तो चित्रासारखा राहत नाही. त्याला दात दुखत असतो, त्याची मुलगी दहावीला असते, आणि तो आपल्यालाही विचारतो की दादा, तुमचा मुलूख कोणता, इकडे एकटेच राहता की कुटुंब आहे. त्याने विचारले की उत्तर द्यावे लागते. ज्याला इतके करावयास सवड नाही त्याने फुलांची, पुलांची, ट्रामची चित्रे काढावीत. तीही सुंदर असतात.

अडचण एवढीच की प्रत घेऊन जावे तर माणूस जागेवर नसतो. हंगाम संपला, गावी गेला. फुटपाथवरची दुकाने उठली. कधी नुसतेच ‘ओ आर आसे ना’, तो आता येत नाही. आमच्या टेबलाच्या खणात अशा चौदा प्रती आहेत. प्रत्येकीच्या पाठीवर नाव, जागा आणि तारीख लिहिलेली आहे. त्यांतील दोघांच्या गावचे पत्ते मिळाले. एक समस्तीपूर जिल्ह्यातला, एक बालासोरकडचा. ती दोन पाकिटे गेल्या महिन्यात टपालात टाकली. उरलेल्या बारांचे काय करावे ते ठरत नाही. आमच्या बदलीचा हुकूम येत्या एप्रिलात निघेल असे म्हणतात. खण रिकामा करून द्यावा लागेल, आणि कार्यभार सोपविण्याच्या यादीत ह्या बाबीसाठी रकाना नाही.